वाचकांचे प्रश्न : मिसिसिपी जॉन हर्ट आणि त्यांचे ब्लूज

गेल्या अंकातील अमेरिकन लोकसंगीतावरच्या लेखात गायक-गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्ट यांचा उल्लेख जेमतेम एका वाक्यात आला होता. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांतून घडलेला गायनप्रकार. त्या वाक्यावर आलेली पत्रे पाहता या वेळचे सदर पूर्णपणे त्यांच्यासाठी ठेवणे योग्य वाटले. ज्या पत्रांतील प्रश्न मिळतेजुळते होते, ते एकत्र करून खाली दिले आहेत.

प्रश्न (सातारा) : हे जॉन हर्ट नेमके कोण होते? त्यांच्या नावावर फारशी ध्वनिमुद्रणे दिसत नाहीत, तरीही जाणकार त्यांचे नाव इतक्या आदराने का घेतात?

उत्तर : जॉन स्मिथ हर्ट यांचा जन्म मिसिसिपी राज्याच्या कॅरल काउंटीतील (काउंटी म्हणजे जिल्हा) टीओक या वस्तीत झाला. जन्मवर्ष काही ठिकाणी 1892, तर काही ठिकाणी 1893 असे दिलेले आढळते. ते लहान असतानाच कुटुंब जवळच्या अ‍ॅव्हलॉन या खेड्यात येऊन राहिले आणि पुढचे जवळजवळ सारे आयुष्य त्यांनी तिथेच काढले. अ‍ॅव्हलॉनची जागा ध्यानात घेण्यासारखी आहे. मिसिसिपीचा डेल्टा म्हणून ओळखला जाणारा सपाट, गाळाच्या जमिनीचा आणि कापसाचा प्रदेश इथे संपतो आणि पूर्वेकडच्या टेकड्या सुरू होतात. डेल्टात मोठमोठे मळे आणि त्यांवर राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबे होती, तर टेकड्यांकडे लहान शेतकऱ्यांची वस्ती होती आणि गोरे व कृष्णवर्णीय एकमेकांपासून फार दूर राहत नव्हते. हर्ट यांच्या वादनात डेल्टातील चार्ली पॅटन किंवा सन हाउस या ब्लूज गायकांसारखा दणका आणि घोगरा आवेश का नाही, याचे एक कारण मला या भूगोलात दिसते.

त्यांना कोणी शिकवले नाही. शाळेतील शिक्षिकेला भेटायला येणारे एक गृहस्थ त्यांच्या घरी मुक्काम करीत आणि त्यांच्याजवळ गिटार असे. ते झोपले की लहानगा जॉन ती गिटार हळूच उचलून तारा चाचपून पाही. पुढे आईने दीड डॉलरला एक जुनी गिटार घेऊन दिली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. गिटार जशी वाजायला हवी असे आपल्याला वाटले तशी आपण ती वाजवली, एवढेच ते आपल्या शिक्षणाबद्दल नंतर सांगत असत. दिवसा शेतात काम आणि शनिवारी रात्री शेजारपाजारच्या नाचगाण्यांत वादन, असा त्यांचा क्रम होता. मधल्या काळात काही महिने त्यांनी रेल्वेच्या रुळांवर मजुरी केली आणि तिथल्या एका सहकाऱ्याकडून रूळ ठोकणाऱ्यांचे एक गाणे शिकून घेतले, ज्याविषयी पुढे लिहिणार आहे.

त्याच परिसरात विली नारमोर हे गोरे फिडलवादक होते (फिडल म्हणजे लोकसंगीतातील व्हायोलिन). त्यांचे नेहमीचे साथीदार शेल स्मिथ हजर नसले की नारमोर गिटारच्या साथीला हर्ट यांना बोलावीत. वर्णभेदाचे कायदे कडक असलेल्या राज्यात एका गोऱ्या फिडलवादकाने कृष्णवर्णीय शेजाऱ्याला साथीला घ्यावे, ही गोष्ट ऐकायला विलक्षण वाटते. पण नाचाला चांगला वादक लागतो आणि तो कोण आहे हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक असते. 1928 मध्ये फिडलच्या स्पर्धेत यश मिळाल्यामुळे नारमोर यांना ओके या कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करण्याची संधी लाभली, आणि कंपनीचे टॉमी रॉकवेल त्या निमित्ताने तिकडे आले असता नारमोर यांनी हर्ट यांचे नाव सुचवले. रॉकवेल यांनी त्यांच्या घरी जाऊन गाणे ऐकले आणि तिथेच त्यांची निवड झाली.

14 फेब्रुवारी 1928 रोजी मेम्फिस शहरात आठ गाणी ध्वनिमुद्रित झाली, परंतु त्यांपैकी दोनच बाजारात आली. त्या दिवसाची हर्ट यांची आठवण अशी होती की मोठ्या थोरल्या दालनात रॉकवेल, तंत्रज्ञ आणि ते स्वतः असे तिघेच होते. मायक्रोफोन अगदी तोंडाशी आणून ठेवला होता आणि योग्य जागा सापडल्यावर मान अजिबात हलवायची नाही अशी ताकीद मिळाली होती, त्यामुळे पुढे कित्येक दिवस त्यांची मान दुखत राहिली. डिसेंबरमध्ये त्यांना न्यूयॉर्कला बोलावण्यात आले आणि तिथे आणखी बारा गाणी झाली. या सगळ्यांतून एकूण सहा तबकड्या निघाल्या, म्हणजे बारा गाणी. नावापुढे ‘मिसिसिपी’ लावले ते कंपनीने, विक्रीला बरे म्हणून.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग इथेच येतो. आवाज चढवावा लागत नाही, वाद्य आपटावे लागत नाही आणि तरीही एकट्या माणसाचे गाणे भरीव, डौलदार आणि अखंड चालते राहते, हे त्या बारा गाण्यांत ऐकू येते. जाणकारांचा आदर तबकड्यांच्या संख्येवर ठरलेला नाही.

प्रश्न (नागपूर) : 1928 नंतर पस्तीस वर्षे ते अज्ञातवासात होते असे वाचले. एवढ्या गुणी कलावंताने संगीत का सोडले?

उत्तर : त्यांनी संगीत सोडले नव्हते, आणि ‘अज्ञातवास’ हा शब्दही मला मान्य नाही. अ‍ॅव्हलॉनमध्ये ते सर्वांना ज्ञात होते. अज्ञात होते ते तबकड्या विकणाऱ्यांना आणि जमवणाऱ्यांना, आणि त्यांची बाजू म्हणजे साऱ्या जगाची बाजू असे आपण नकळत धरून चालतो.

तबकड्या फार खपल्या नाहीत आणि 1929 च्या अखेरीस शेअर बाजार कोसळून महामंदी आली. त्या काळी कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या वेगळ्या यादीत, वेगळ्या क्रमांकांनी आणि मुख्यतः कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी काढल्या जात. मंदीने पहिला घास घेतला तो याच ग्राहकांच्या खिशातील पैशाचा. कंपन्यांनी दक्षिणेकडे पथके पाठवणे जवळपास थांबवले आणि ओकेकडून हर्ट यांना पुन्हा बोलावणे आले नाही. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. नारमोर आणि स्मिथ यांची 1929 ची कॅरल काउंटीच्या नावाची फिडलची धून चांगली गाजली, पण ती त्याच कंपनीच्या गोऱ्या ग्रामीण संगीताच्या यादीत होती. एकाच परिसरातील, एकमेकांबरोबर वाजवणारी ही माणसे कंपनीच्या कागदावर दोन वेगळ्या जगांत राहत होती, आणि पुढे कित्येक वर्षे अमेरिकन संगीताचा इतिहास त्या कागदांवरूनच लिहिला गेला.

हर्ट परत शेतीकडे वळले. ही शेती स्वतःच्या जमिनीची नव्हती. मालकाची जमीन कसायची आणि पिकाचा ठरलेला वाटा त्याला द्यायचा, अशी ती वाट्याची शेती होती. आपल्याकडे अर्धेलीने किंवा बटईने शेती करणाऱ्यांना तिचा बोजा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. बियाणे, औजारे आणि वर्षभराचा शिधा मालकाच्या किंवा त्याने नेमून दिलेल्या दुकानातून उधारीवर घ्यायचा आणि हंगाम संपला की हिशेबाची वही मालकाच्या हाती, कर्जही तो सांगेल तेवढे. कापसाचा भाव पडला की शेतकऱ्याच्या नावावर बाकी राहायची आणि ती पुढच्या हंगामाला जाऊन चिकटायची. या व्यवस्थेत गाणाऱ्या माणसाला गावोगाव फिरायला उसंत मिळत नाही. मंदीच्या वर्षांत त्यांनी सरकारी रोजगार योजनेवरही काम केले, पुढे गुरे राखली आणि पत्नी जेसी यांच्यासह संसार चालवला.

या सगळ्या काळात शनिवारची गाणी आणि रविवारचे चर्च चालूच होते. 1963 मध्ये त्यांच्या घरी स्वतःची गिटारसुद्धा नव्हती हे खरे आहे. पण हातात गिटार आल्यावर त्यांची बोटे ज्या सहजतेने फिरली, ती पस्तीस वर्षे वाद्याला हात न लावलेल्या माणसाची असूच शकत नाहीत. 1928 ची आणि 1963 नंतरची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत. गती किंचित मंदावली आहे, आवाज खालच्या पट्टीत उतरला आहे आणि गाणे मात्र अधिक मुरलेले आहे. मधली वर्षे रिकामी नव्हती याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : त्यांच्याच एका गाण्यावरून त्यांचा पत्ता लागला ही कथा खरी आहे की रचलेली?

उत्तर : खरी आहे. 1928 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये असताना हर्ट यांना घराची ओढ लागली होती आणि त्या ओढीतून त्यांनी एक गाणे रचून 21 डिसेंबरला ध्वनिमुद्रित केले. अ‍ॅव्हलॉन हे आपले गाव आहे आणि ते सदैव आपल्या मनात असते, असे त्यात ते साध्या शब्दांत सांगतात. 1952 मध्ये हॅरी स्मिथ यांनी जुन्या तबकड्यांमधून निवडून केलेल्या अमेरिकन लोकसंगीताच्या गाजलेल्या संग्रहात हर्ट यांची दोन गाणी होती, त्यामुळे तरुण श्रोत्यांना त्यांचा आवाज परिचित झाला होता. पण माणूस जिवंत आहे की नाही, हे त्या श्रोत्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. वॉशिंग्टनच्या परिसरातील संग्राहक डिक स्पॉटस्वूड आणि त्यांचे तरुण मित्र टॉम हॉस्किन्स यांच्या हाती या न्यूयॉर्कच्या गाण्याची प्रत आली. चालू नकाशांत मिसिसिपीत अ‍ॅव्हलॉन सापडेना. एका जुन्या नकाशासंग्रहात मात्र ग्रीनवुड आणि ग्रनेडा या गावांच्या मध्ये ते नाव सापडले. मार्च 1963 मध्ये हॉस्किन्स तिकडे गेले, गावातील दुकानाशी बसलेल्या माणसांना त्यांनी विचारले आणि त्या माणसांनी काहीही आश्चर्य न दाखवता रस्ता सांगितला : पुढे मैलभर जा, तिसरी टपालपेटी लागली की टेकडी चढा. ज्या माणसाच्या शोधाची कथा आजवर सांगितली जाते, त्याचा पत्ता त्याच्या शेजाऱ्यांना कधीच हरवलेला नव्हता.

कथेचा जो भाग सहसा गाळला जातो, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दारात आलेल्या या अनोळखी गोऱ्या तरुणाला पाहून हर्ट घाबरले. हा सरकारी पोलिसांचा माणूस असावा, असे त्यांना वाटले. पुष्कळ ठिकाणी ही गोष्ट एका गमतीच्या प्रसंगासारखी सांगितली जाते. तिच्यात गंमत कोठेही नव्हती. अ‍ॅव्हलॉनपासून थोड्याच अंतरावर मनी नावाचे गाव आहे, जिथून 1955 च्या ऑगस्टमध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला रात्री घरातून ओढून नेऊन ठार मारण्यात आले आणि आरोपींना गोऱ्या पंचांनी निर्दोष सोडले. जवळचे ग्रीनवुड हे 1963 मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीच्या चळवळीचे केंद्र होते. तिथल्या काउंटीने चळवळीला धडा शिकवण्यासाठी गरिबांना मिळणारे सरकारी धान्य बंद केले होते आणि फेब्रुवारीच्या अखेरीस कार्यकर्त्यांच्या मोटारीवर गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. अशा महिन्यात, अशा ठिकाणी, सत्तरीच्या घरातील एका कृष्णवर्णीय शेतमजुराने गोऱ्या अनोळखी माणसाला दारात पाहून सावध होणे हा शहाणपणा होता. तरीही ते त्याच्याबरोबर बसले, त्याने आणलेली गिटार हातात घेतली आणि वाजवून दाखवले, यात त्यांच्या स्वभावातील सौजन्य दिसते आणि धैर्यही.

त्यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. ते पत्नीसह वॉशिंग्टनला राहायला गेले, जुलैमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी त्यांच्या गाण्यांचे मोठे ध्वनिमुद्रण झाले आणि त्याच महिन्यात न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्यांनी हजारो श्रोत्यांपुढे गायन केले. वॉशिंग्टनमधील एका कॉफीगृहात ते नियमित गाऊ लागले, विद्यापीठांतून बोलावणी आली, जॉनी कार्सन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातही ते दिसले आणि व्हॅनगार्ड कंपनीने त्यांची नवी ध्वनिमुद्रणे केली. न्यूपोर्टच्या संस्थेने त्यांना गिटार घेऊन द्यायचे ठरवले तेव्हा महागडी वाद्ये समोर असताना त्यांनी गिल्ड कंपनीची साधी गिटार निवडली. पुढे ते पुन्हा मिसिसिपीला परतले, ग्रनेडा येथे राहिले आणि 2 नोव्हेंबर 1966 रोजी हृदयविकाराने तिथेच त्यांचे निधन झाले. प्रसिद्धीचा हा सगळा काळ चार वर्षेही भरत नाही.

गाण्यावरून माणूस सापडण्याचा प्रकार त्याच वर्षी आणखी एकदा घडला. बुका व्हाइट यांच्या एका गाण्यात मिसिसिपीच्या अ‍ॅबर्डीन गावाचे नाव होते, म्हणून जॉन फाही आणि एड डेन्सन या ब्लूजप्रेमींनी ‘बुका व्हाइट, जुने ब्लूज गायक’ एवढाच उल्लेख करून अ‍ॅबर्डीनच्या टपाल कार्यालयाकडे पत्र टाकले आणि ते फिरत फिरत मेम्फिसला त्यांच्यापर्यंत पोहोचले. पुढच्या वर्षी सन हाउस न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात आणि आणखी एक ब्लूज गायक स्किप जेम्स मिसिसिपीतील एका रुग्णालयात आढळले.

प्रश्न (रत्नागिरी) : त्यांची काही गाणी मी ऐकली. विषय खुनाचे आणि मृत्यूचे, आणि आवाज मात्र अंगाई गाणाऱ्यासारखा. हे विसंगत वाटत नाही का?

उत्तर : आपल्या कानांनी अगदी मर्माची गोष्ट टिपली आहे. हर्ट यांच्या भांडारात ‘बारा बार’च्या, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खंडांच्या, ठरावीक चौकटीतील ब्लूज तुलनेने कमी आहेत. कथागीते, नाचाच्या चाली, भजने आणि थोडी चावट गाणीही ते गात. ब्लूज हा प्रकार रूढ होण्याच्या आधीपासून दक्षिणेत असे गायक होते, ज्यांना प्रसंगाप्रमाणे सर्व प्रकारची गाणी येणे आवश्यक असे. हर्ट त्या परंपरेचे होते.

त्यांची दोन प्रसिद्ध कथागीते सेंट लुइस शहरातील खऱ्या घटनांवर उभी आहेत. 1895 च्या नाताळात ली शेल्टन नावाच्या माणसाने एका मद्यगृहात हॅटवरून झालेल्या भांडणात बिली लायन्स याला गोळी घातली. 1899 मध्ये फ्रँकी बेकर या तरुणीने आपल्या प्रियकराला गोळी घातली. या बातम्या तोंडोतोंडी गाणी होऊन शेकडो मैल पसरल्या आणि प्रत्येक गायकाने त्यांतील दोष व दया आपापल्या परीने वाटून दिली. पुष्कळांनी ली शेल्टनचा रांगडा वीर केला. हर्ट यांच्या गाण्यात मात्र बायकामुलांसाठी जीव वाचवण्याची विनवणी करणारा बिली लक्षात राहतो.

खून झालेल्या लुइस कॉलिन्स याच्यावरचे गाणे तर त्यांचे स्वतःचे आहे. लोक त्या खुनाविषयी बोलत होते ते ऐकून आपण ते रचले, असे त्यांनी सांगितले होते. त्यात गोळीबाराचे वर्णन जवळपास नाही. आहे ती आई, तिचा आक्रोश, आणि अंत्यविधीला जमलेली माणसे. मरणाच्या बातमीनंतर गावात बोलण्याचा जो स्वर असतो, तोच हर्ट यांचा स्वर आहे; आरडाओरडा जिथे खून घडतो तिथे होतो, आणि हे गाणे त्यानंतर शोकघरी जमलेल्यांचे आहे. म्हणून मला त्यात विसंगती दिसत नाही.

वर रेल्वेच्या ज्या गाण्याचा उल्लेख केला, ते रूळ ठोकणाऱ्या मजुराचे आहे. जॉन हेन्री हा अमेरिकन लोककथेतील मजूर वाफेच्या यंत्राशी पैज लावून जिंकतो आणि हातोडा हातात असतानाच मरतो. असंख्य गाण्यांत या मृत्यूचा गौरव झाला आहे. हर्ट यांच्या गाण्यातील मजूर वेगळा आहे. हा हातोडा घ्या, मुकादमाला नेऊन द्या, मी निघून गेलो असे सांगा, जॉन हेन्रीचा जीव याच हातोड्याने घेतला पण माझा घेऊ शकणार नाही, असा त्याचा निरोप आहे. कामावर मरण्यात थोरवी नाही, असे एक मजूर शांतपणे सांगतो आणि चालू लागतो. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनीत कष्ट केले, त्याच्या तोंडून हे ऐकताना त्यातील ठामपणा अंगावर येतो. सौम्य आवाज म्हणजे सौम्य विचार, असा समज कोणाचा असेल तर तो या एका गाण्याने दूर व्हावा.

प्रश्न (पुणे) : मी गिटार शिकतो आहे. ध्वनिमुद्रण ऐकताना दोन गिटारी वाजत आहेत असे वाटते. एकटा माणूस हे कसे करतो, आणि नवशिक्याने सुरुवात कोठून करावी?

उत्तर : उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर आलटून पालटून, घड्याळासारखा नेमका, ठेका धरतो. तर्जनी आणि मधले बोट वरच्या बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात, आणि तिचे स्वर पुष्कळदा दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत पडतात. अनामिका आणि करंगळी वाद्याच्या पृष्ठभागावर टेकलेली असल्यामुळे हात स्थिर राहतो. खालचा ठेका आणि वरची चाल यांच्यातील या ओढाताणीतून दोन वाद्यांचा भास होतो. त्या काळच्या रॅगटाइम या नाचऱ्या लयीच्या पियानोवादनात डावा हात ठेका आणि उजवा हात चाल सांभाळतो. हर्ट यांनी तीच विभागणी एका हातात केली. पुष्कळदा गाण्याच्या ओळीचा शेवटचा शब्द ते तोंडाने न म्हणता गिटारवर पुरा करतात, हेही लक्ष देऊन ऐकावे.

सुरुवात अंगठ्यापासूनच करावी. डाव्या हाताने एकच कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) धरून केवळ अंगठा चालवावा, आणि तो चालू असताना कोणाशी तरी सहज बोलता येईपर्यंत दुसरे काही करू नये. मग एकेक स्वर वरून आणावा. त्यांचे रूळ ठोकणाऱ्याचे गाणे जवळपास एकाच कॉर्डवर उभे असल्यामुळे शिकायला सोयीचे आहे. गती वाढवण्याचा मोह टाळावा, कारण या शैलीचे सौंदर्य गतीत नसून ठेक्याच्या अढळपणात आहे.

प्रश्न (मुंबई) : वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत भरणाऱ्या ब्लूज महोत्सवात मी बडी गाय यांना ऐकले आहे. विजेची गिटार, ड्रम, प्रचंड आवाज. हर्ट यांचे संगीतही ब्लूजच कसे?

उत्तर : बडी गाय हे लुइझियानाचे, आणि 1957 मध्ये ते शिकागोला गेले. त्यांच्याही आधी, 1943 मध्ये, ब्लूज गायक मडी वॉटर्स मिसिसिपीतील मळा सोडून तिथेच गेले होते. विसाव्या शतकात दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीयांनी वर्णभेद आणि वाट्याची शेती यांतून सुटण्यासाठी उत्तरेकडील कारखान्यांची शहरे गाठली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे संगीतही गेले. गजबजलेल्या मद्यगृहात साध्या गिटारचा आवाज पोहोचत नाही, म्हणून विजेची गिटार आली, ड्रम आले, हार्मोनिकाला मायक्रोफोन लागला. आपण मेहबूब स्टुडिओत ऐकले ते या स्थलांतरितांचे ब्लूज होते. हर्ट गेले नाहीत. त्यांचे संगीत घराच्या ओसरीवर आणि शेजाऱ्याच्या खोलीत ऐकण्याच्या मापाचे राहिले. दोन्हींचे मूळ एकच आहे आणि एकाला अस्सल व दुसऱ्याला बिघडलेले म्हणण्याचे काही कारण नाही.

प्रश्न (न्यू जर्सी) : आम्ही पुढच्या वर्षी दक्षिणेकडील राज्यांत मोटारीने फिरणार आहोत. अ‍ॅव्हलॉनला पाहण्यासारखे काही उरले आहे का?

उत्तर : हर्ट यांचे छोटे लाकडी घर त्यांच्या नातीने जतन करून तिथे संग्रहालय उभारले होते. फेब्रुवारी 2024 मध्ये ते आगीत जळून गेले. त्यांची समाधी अ‍ॅव्हलॉनजवळच्या रानातील सेंट जेम्स दफनभूमीत आहे. रस्ता आडबाजूचा आहे, तेव्हा निघण्यापूर्वी स्थानिक चौकशी अवश्य करावी.

प्रश्न (सांगली) : आम्हा अगदी नवख्या श्रोत्यांनी त्यांचे काय आणि कोणत्या क्रमाने ऐकावे?

उत्तर : 1928 ची तेरा गाणी आज एकत्र उपलब्ध आहेत, त्या वेळी विक्रीला आलेली बारा आणि चाचणी तबकडीवर राहून गेलेले एक. परंतु सुरुवात त्यांच्यापासून करू नये असे माझे मत आहे, कारण जुन्या तबकड्यांची खरखर नवख्या कानाला अडसर ठरते आणि मन संगीताऐवजी तिच्याकडेच जात राहते. आधी व्हॅनगार्डने 1966 मध्ये प्रसिद्ध केलेला संच ऐकावा. त्यात आवाज स्वच्छ आहे, गाणी विविध आहेत आणि सत्तरी ओलांडलेल्या गायकाचा निवांतपणा श्रोत्यालाही स्थिर करतो. आठवडाभर तो ऐकून झाल्यावर 1928 कडे वळावे, आणि त्यातही फ्रँकीचे कथागीत आधी घ्यावे. त्यातील अंगठ्याची चपळाई तरुण हर्ट यांची आहे आणि ती पुढच्या ध्वनिमुद्रणांत पुन्हा तशी सापडत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी केलेली ध्वनिमुद्रणे शेवटी ठेवावीत. त्यांचा विस्तार मोठा आहे, आणि हर्ट यांना आपल्या गावात किती तऱ्हेची गाणी येत होती हे त्यांतून कळते. भजने वगळू नयेत.